गिरणीतली विश्वसनीय सूत्रं

कोळगव्हाणच्या पोलीस ठाण्यात गोपनीयचं काम बघणारा एकच माणूस होता आणि तो कोण, हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं.

हवालदार गहिनीनाथ ढाकणे. आता गोपनीयचं काम म्हणजे काय, तर साध्या कपड्यांत आसपासची गावं फिरायची, कुठं काय शिजतंय याचा वास काढायचा आणि कुणाला पत्ता लागू न देता तो वर कळवायचा. मोर्चा कोण काढणार, रस्ता कोण अडवणार, कुणाचं कुणाशी बिनसलंय. पण तोच माणूस, तीच मोटारसायकल, तोच पांढरा शर्ट आणि काखेत तीच रेक्झिनची पिशवी, वर्षानुवर्षं. लपून लपून माणूस लपणार किती? मोटारसायकल बिघडलेली असली की उमापूर फाट्यावर एसटीचा कंडक्टर दोरी ओढून ओरडायचा, "थांबा हो, गोपनीय चढायलेत!" लग्नपत्रिकेत प्रमुख उपस्थितीत त्याचं नाव यायचं आणि पुढं कंसात 'गोपनीय' असं छापलेलं असायचं. देवळासमोरच्या हॉटेलात पोरगं आत आरोळी द्यायचं, "गोपनीयला एक, साखर कमी!"

गहिनीनाथला याचं वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. वर्दी नाही, परेड नाही, पट्टा नाही. वर्दी लोखंडी पेटीत घडी घालून पडली होती. पोट वाढत गेलं, वर्दी होती तेवढीच राहिली.

आणि माणूस तसा त्या कामासाठीच जन्माला आलेला. आत येईल ते येऊ द्यायचं, बाहेर काही जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा धर्म. "भाजी कशी झालीय?" असं बायकोनं विचारलं तरी हा आधी दाराकडं बघायचा आणि मग म्हणायचा, "बघू."

एवढी पक्की माहिती हा आणतो तरी कुठून, याचं वरच्या साहेबांना कौतुक होतं. वर कळवताना त्याचं वाक्य ठरलेलं असे. "विश्वसनीय सूत्रांकडून समजते की." हे विश्वसनीय सूत्र रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून भाकरी थापायचं. सूत्राचं नाव मंजुळाबाई. लग्नाची बायको.

मंजुळाबाईची माहिती यायची ती बायडाबाईच्या पिठाच्या गिरणीतून. या गिरणीला एक रिवाज होता. डबा ठेवायचा, आणि नंबर लागेपर्यंत एक बातमी द्यायची, एक घ्यायची. नुसतं ऐकून जाणारीचं दळण बायडाबाई मुद्दाम जाडंभरडं काढायची. घरी भाकरी थापताना चिरली की त्या बाईला आपोआप अक्कल यायची. या रिवाजात एक शहाणपण होतं. खोटी बातमी तिथं फार टिकायची नाही, कारण ज्याच्या घरची बातमी, त्या घरचं कुणीतरी रांगेत डबा घेऊन उभं असायचंच. "आमच्या जावयानं कुठं घेतला ट्रॅक्टर? त्यो भावाचा हाय," असं जागच्या जागी निस्तरलं जायचं. गहिनीनाथनं वर कळवलेल्या माहितीचं तसं नव्हतं. ती एकदा वर गेली की गेली. ती खरी का खोटी हे विचारायला ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला कुणी बोलावत नसे.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अंगदचं स्थळ आलं.

गहिनीनाथची लेक वैष्णवी अंबाजोगाईला औषधशास्त्राचा डिप्लोमा करून आलेली. अंगद मूळचा उमापूरचा, अंबाजोगाईलाच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कंत्राटावर कामाला. सरकारी नोकरीची त्याची निवडही झाली होती, फक्त पोलीस पडताळणी अडकली होती. कशामुळं अडकली, ते त्याला कुणी सांगत नव्हतं. अंगदची आई केशरबाई स्वतः येऊन पोहे खाऊन गेली. वैष्णवी खाली मान घालून हसत होती. मंजुळाबाईनं ते हसू पाहिलं आणि मनातल्या मनात हळदीचं गाणंसुद्धा म्हणून घेतलं. गहिनीनाथ तेवढा म्हणाला, "बघू."

आणि बाहेर ओट्यावर जाऊन, आजूबाजूला बघून त्यानं फोन लावला. अंबाजोगाईकडं शहादेव नावाचा त्याचा जुना दोस्त होता, तोही गोपनीयच. चार दिवसांनी शहादेवचा उलट फोन आला.

"गहिनीदादा, पोरगं लई चांगलं हाय. सुपारीसुदिक खात न्हाई. पण रेकॉर्डला हाय बे."

"कशाचं?"

"जमाव जमवणं, रस्ता अडवणं. चळवळ्या म्हणून नाव हाय. जिल्ह्याहून आलंय. म्हणून तर पडताळणी अडकलीय."

"पक्कं हाय का?"

"विश्वसनीय सूत्र हाय म्हनं."

ते शब्द ऐकले आणि गहिनीनाथचा संशय फिटला. ज्या शब्दांवर आपण आजवर भाकरी खाल्ली, त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजायचे. तो आत आला आणि म्हणाला, "त्या अंगदचं नको."

"कावून?" मंजुळाबाईनं विचारलं.

"नको म्हणलं ना."

"आवो, पण कावून? पोरगं चांगलं हाय, माणसं चांगली हायेत, पोरीच्या मनात हाय. नको कावून?"

"ते सांगता येत न्हाई. गोपनीय हाय."

मंजुळाबाईनं हातातला कालथा खाली ठेवला. आयुष्यभर हिनं या माणसाला गावची इत्थंभूत खबर पुरवली होती. हा ती फोनवर जशीच्या तशी वर सांगतो, हेही तिला ठाऊक होतं. त्याबद्दल तिनं कधी साधं 'बरं झालं' एवढंसुद्धा मागितलं नव्हतं.

"पोटच्या पोरीचं लगीन गोपनीय?" ती म्हणाली. "बरं. मग आजपासून माझंबी सगळं गोपनीय."

दुसऱ्या दिवसापासून घरात माहितीचा दुष्काळ पडला. भाकरी वेळेवर यायची, कालवणात मीठ बरोबर असायचं, पण सोबत शब्द नाही. गहिनीनाथनं इकडून तिकडून खडा टाकून पाहिला. "त्या अभिमन्यूच्या बांधाचं काय झालं गं?" मंजुळाबाई दाराकडं बघायची आणि म्हणायची, "बघू."

वैष्णवी बापाशी बोलायची, पण पाणी हवं का, चहा टाकू का, इतकंच. ते गहिनीनाथला जास्त लागलं.

नेमकं त्याच आठवड्यात नव्या साहेबांनी त्याला आत बोलावलं. साहेब वयानं तरुण, टेबल एकदम स्वच्छ.

"रविवारी तलावाच्या जलपूजनाला मंत्री येणार आहेत. त्या दिवशी गावातल्या महिला काहीतरी करणार आहेत. काय करणार आहेत?"

"साहेब, माझ्याकडं तर तसं काई..."

"माझ्याकडं बीडहून आलंय. गाव तुमचं, गोपनीय तुम्ही, आणि मला बीडवरून कळतंय?" साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "शनिवारपर्यंत मला कळलं पाहिजे. नाही कळलं तर सोमवारी मुख्यालयात. वर्दी घालून, फाटकावर."

घरी येऊन गहिनीनाथनं गुपचूप पेटी उघडली आणि पँट चढवून पाहिली. ती मांडीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. वरून मंत्री आला असता तरी ती पुढं सरकली नसती.

मग तो बाहेर पडला, स्वतःच्या पायांनी आणि कानांनी माहिती काढायला. हे काम त्यानं किती तरी वर्षांत केलं नव्हतं. पहिला भेटला तानाजी. हा गावातला पुढारी. रस्ता रोको, ठिय्या, उपोषण, सगळं करणारा आणि दुपारच्या आत संपवणारा.

"गोपनीय, बरं झालं भेटलात. रविवारी मला उचलायलात ना?"

मंत्री यायच्या आधी पोलीस कार्यकर्त्यांना उचलून दिवसभर ठाण्यात बसवतात. ते तसं त्रासाचं, पण पुढाऱ्याच्या दृष्टीनं मानाचं.

"तू काय करणार हायेस?"

"काय बी लिवा. काळे झेंडे लिवा. मागल्या बारीला अभिमन्यूला उचललं आन मला सोडलं. सासुरवाडीला तोंड दाखवायला जागा न्हाई राहिली."

"बायका काय करणार हायेत?"

"बायकांचं मला कोण सांगतंय? आमची तर घरात काय भाजी हाय तेबी सांगत न्हाई."

गहिनीनाथला पहिल्यांदाच कुणाची तरी दया आली आणि ती आपल्यालाही लागू पडते हे त्याच्या लक्षात आलं.

शेवटी शुक्रवारी त्यानं काळजावर दगड ठेवला, ज्वारीचा डबा उचलला आणि गिरणी गाठली. तो दारात दिसला मात्र, आतला कलकलाट बंद पडला. फक्त पट्टा फिरत होता. बायडाबाईनं पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या.

"गोपनीय आले गं. सरका, जागा द्या." आणि मग त्याच्याकडं वळून, "रिवाज ठावं हाय ना? एक द्या, एक घ्या."

गहिनीनाथनं घसा साफ केला. त्याच्या पोटात बारा गावांची माहिती होती. कुणाचा लेक कुठं पळाला, कुणाच्या विहिरीत कुणी काय टाकलं, सगळं. पण ती बाहेर काढायची वाटच कधी वापरली नव्हती. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "रविवारी मंत्री येणार हायेत."

बायका एकमेकींकडं बघून हसल्या.

"ते तर चौकातल्या फ्लेक्सवर हाय," जानकीबाई म्हणाली.

"कांद्याचा भाव पडला."

"ते तर आमच्या घरात पडलाय."

त्या दिवशी त्याचं दळण असं निघालं, की भाकरी नव्हे, रवा भाजून शिरा करावा. मंजुळाबाईनं पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि काही न बोलता हसली. ते हसू गहिनीनाथला झोंबलं.

शनिवारी ऊन उतरल्यावर तो स्वयंपाकघरात आला. दार लावलं. खिडकी लावली. बाहेर टीव्हीचा आवाज वाढवून आला. मंजुळाबाई तव्यावर भाकरी टाकत होती.

"एवढं सगळं करून मलाच सांगायचंय ना?" ती म्हणाली.

"हे बघ. मी तुला अंगदचं सांगतो. तू मला बायकांचं सांग."

"आधी तुमचं."

गहिनीनाथ पाटावर बसला. आवाज खाली आणला. "दोन सालाखाली उमापूर फाट्यावर रस्ता रोको झालता. त्यात अंगदचं नाव हाय. रेकॉर्डला हाय. जिल्ह्याहून आलंय."

मंजुळाबाईचा हात थांबला. "कोणता रस्ता रोको? तानाजीनं केलता त्यो? लाइटीसाठी?"

"त्योच."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी फुगली, मग काळी पडली, धूर निघाला, तरी ती बघतच राहिली. आणि मग तिला हसू फुटलं. साधं नव्हे, तोंडाला पदर लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. गहिनीनाथला वाटलं, बाईला काही झालं की काय.

"आवो," ती श्वास घेत म्हणाली, "त्या दिशी मी तुमच्या मागं गाडीवर बसले होते की!"

"कुठं?"

"फाट्यावर! तलवाड्याहून, माह्या माहेराहून आपण येत होतो. मांडीवर लोणच्याची बरणी, वरून ऊन. तुमी गाडी थांबवली. रस्त्यात चौघं उभे होते. तानाजी, त्याचे दोन चुलतभाऊ, आन एक म्हातारा एसटीची वाट बघायलता. चौघांनी फोटो काढला आन गेले सावलीला. तवा तुमचा साहेब फोनवर वरडत होता, नावं द्या, नावं द्या, एवढीच कशी? मग तुमी काय केलं?"

गहिनीनाथनं नजर जळक्या भाकरीवर ठेवली.

"तुमी मान वर केली. वर कुण्या पुढारी भाऊच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. मधी भाऊ, आन भोवती पोरं गॉगल घालून. शुभेच्छुक, शुभेच्छुक. तुमी एकेक नाव वाचून फोनवर सांगत गेलात. मला वाटलं, भाऊला शुभेच्छा द्यायलात!"

गहिनीनाथनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं तो फ्लेक्स जसाच्या तसा उभा राहिला. डाव्या कोपऱ्यात, गॉगल कपाळावर चढवलेला एक किडकिडीत पोरगा. खाली लिहिलेलं, कुमार अंगद.

त्यानंच सांगितलेलं नाव फाट्यावरून बीडला गेलं, बीडहून अंबाजोगाईला गेलं आणि शहादेवच्या तोंडून परत त्याच्याच कानात आलं. आपलंच पोर गाव हिंडून दारात आलं आणि आपण त्याला पाहुणा समजून पाणी दिलं, अशी गत. तेवढ्यानं भागलं असतं तर हसून सोडता आलं असतं. पण फ्लेक्सवर अंगद एकटा नव्हता. आणि फ्लेक्सही तो एकच नव्हता. नावं कमी पडली की मान वर करायची, ही युक्ती त्यानं किती वेळा वापरली होती, ते त्याला आठवेना. त्याला त्या क्षणी स्वतःची मनापासून लाज वाटली.

दार ढकलून वैष्णवी आत आली. टीव्ही केवढाही मोठा असो, घरातल्या माणसाला ऐकू येतंच.

"आण्णा," ती म्हणाली, "अंगद दर आठवड्याला चकरा मारतोय. कुणी सांगत न्हाई कावून अडकलंय. त्याला वाटतंय, आपलंच कायतरी चुकलं असंल. रात्र रात्र आठवत बसतो, मी कधी काय केलं."

मंजुळाबाईनं जळालेली भाकरी बाजूला काढली.

"आता सांगा," ती म्हणाली.

"सांगितलं की तुला."

"मला नव्हं. सगळ्याला."

"सगळ्याला सांगितलं तर माझं गोपनीय गेलं. उद्या वर्दी घालून फाटकावर उभा राहीन."

"मग ठरवा. तुमचं गोपनीय जाऊ द्यायचं का पोरीचं सुख?" आणि नवीन गोळा हातात घेत ती म्हणाली, "आन बायकांचं तुमाला मी न्हाई सांगणार. ते गिरणीत इचारा. रिवाजानं."

रविवारी सकाळी गिरणी उघडताच गहिनीनाथ दारात हजर होता. हातात डबा, मागं मंजुळाबाई. बायका जमल्या होत्या. त्यानं डबा खाली ठेवला, सवयीनं एकदा मागं बघितलं, आणि मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. बोलला. फाटा, चौघं माणसं, फोन, फ्लेक्स, गॉगल, अंगद, सगळं. सुरुवातीला शब्द अडखळत आले, मग सुटलेल्या बैलासारखे धावले. मध्येच बायडाबाईनं दाणे आत असताना गिरणी बंद केली. असं तिनं नवरा वारला तेव्हाच काय ते केलं होतं.

तो थांबला. मग एकीला हसू आलं, दुसरीला आलं, आणि गिरणी हसण्यानं भरून गेली. पण जानकीबाई हसत नव्हती.

"त्या फ्लेक्सवर माझा सोपान होता," ती म्हणाली. "त्याला भरतीतून माघारी पाठवला. आमी नवस केले, अंगारे लावले. आन तुमी वर बघून नाव वाचलं?"

"चुकलं, जानकीबाई," गहिनीनाथ म्हणाला. "त्या फ्लेक्सवरचं एकेक नाव मी काढायला लावतो. आजच."

जानकीबाईनं त्याला बरंच काही सुनावलं आणि त्यानं ते उभ्यानं ऐकून घेतलं. ते इथं सांगत नाही, कारण ते तिचं आणि त्याचं आहे, आणि शिव्या जरा अस्सल होत्या.

मग बायडाबाईनं हात झटकले. "बातमी दिली. रिवाज म्हंजे रिवाज. आता घ्या. काय पायजे?"

"आज बायका काय करणार हायेत?"

"काय बी न्हाई. कापसात खुरपण हाय."

"मंग बीडला कळलं ते?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू मंजुळाबाईकडं वळल्या. तिला नेमकं तेव्हाच चाळणीत काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं होतं.

"मी एवढंच म्हणलं, 'रविवारी बायका काहीतरी करणार हायेत'," ती चाळणीला सांगू लागली. "खोटं न्हाई. बाई रविवारी काहीतरी करतेच. जानकीबाईचा भाऊ बीडला साहेबाच्या गाडीवर डायवर. तिथून वर गेलं. मला काय ठावं, तुमच्या वरच्याला एवढंसं पुरतं म्हणून?"

गहिनीनाथनं कपाळावर हात मारला. आणि तो पहिल्यांदा त्या बायकांबरोबर हसला. त्या दिवशी त्याचं पीठ मैद्यासारखं बारीक आलं.

तिथून तो तडक साहेबांकडं गेला, आपणच सगळं सांगावं म्हणून. पण गिरणी ते ठाणं हे अंतर बातमीला लागत नाही. साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही.

"फ्लेक्सवरची नावं देता म्हणे तुम्ही. मला तिघांनी कळवलंय. तिघंही म्हणतात, विश्वसनीय सूत्र."

"खरं हाय साहेब. सूत्र मीच हाय. ती नावं काढा. मी जबाब देतो, सही करतो. त्या पोरांचा काई संबंध न्हाई."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. सही करायला निघालेला गोपनीय त्यांनी आधी पाहिला नसावा. "उद्या मुख्यालयात हजर व्हा. आणि बायकांचं काय?"

"काईच करणार न्हाईत."

"कशावरून?"

"त्यांनीच सांगितलं."

"त्यांनी सांगितलं?" साहेब खुर्चीतून उठले. "म्हणजे नक्की करणार!"

आणि बीडहून महिला पोलिसांची आख्खी गाडी मागवली गेली. दुपारी मंत्री आले. तानाजीला सकाळीच उचलला होता, जीपमध्ये चढताना त्यानं हात जोडून सगळ्या गल्लीला नमस्कार केला. गावातल्या बायका कापसात खुरपत होत्या. मांडवात बायकांच्या खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या, म्हणून साहेबांनी महिला पोलिसांनाच त्यावर बसवलं. मंत्री माईकवर आले, समोर खाकीतल्या रांगा बघून क्षणभर चपापले आणि म्हणाले, "माझ्या भगिनींनो." त्या भगिनींनी टाळ्याही अगदी एका तालात वाजवल्या.

सोमवारी गहिनीनाथ बीडला गेला. वर्दी नवीनच शिवावी लागली. फाटकावर उभं राहून पाय दुखायचे, पण रात्री झोप चांगली लागायची. नावं निघायला दिवाळी उजाडली. अंगदला नोकरी मिळाली, सोपान पुन्हा भरतीला गेला, आणि जानकीबाईनं गहिनीनाथला भर गिरणीत एक लाडू दिला. तो तिथंच खायला लावला.

उन्हाळ्यात उमापूर फाट्याजवळच्या मंगल कार्यालयात वैष्णवीचं लग्न लागलं. दारात केवढा तरी फ्लेक्स. वर नवरा-नवरी, अंगद यावेळी गॉगलशिवाय. खाली निमंत्रक, आणि पहिलंच नाव गहिनीनाथ ढाकणे. कंसात काही नाही.

फेटा बांधलेला गहिनीनाथ वाजंत्री कुठं अडकली ते बघायला बाहेर आला. फाट्यावर तानाजीचं आंदोलन चाललं होतं, कांद्याच्या भावासाठी. रस्त्यात चौघं उभे होते. आणि फ्लेक्सखाली एक तरुण, पांढरा शर्ट, काखेत पिशवी, कानाला फोन, मान वर.

"होय साहेब, बरेच आहेत. नावं घ्या. गहिनीनाथ ढाकणे, अभिमन्यू..."

"ए बाबा," गहिनीनाथनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नवा का तू?"

तरुणानं फोन पाठीमागं धरला. "मी? मी बियाण्याच्या कंपनीचा माणूस आहे."

"आसू दे, आसू दे. ऐक. गहिनीनाथ ढाकणे म्हंजे मी. हे लगीन हाय, माह्या लेकीचं. आंदोलनात फक्त तानाजी आन त्याचे दोन चुलतभाऊ. चौथा एसटीची वाट बघायलाय. दुपारच्या आत संपतंय. हे वरचं एकबी नाव सांगू नको लेकरा, मी सांगितलती, लोकांच्या नोकऱ्या अडकल्या. आणखीन काय पायजे तर बायडाबाईच्या गिरणीत जा, पण जाताना एक बातमी घेऊन जा, न्हाई तर पीठ जाडं निघंल. आन आता जेवून जा. बुंदी गरम हाय."

तरुणानं त्याला फेट्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. हसून मान हलवली, दोन पावलं मागं सरकला, उभ्या असलेल्या जीपच्या आड गेला आणि फोन पुन्हा कानाला लावला. आवाज त्यानं अगदी खाली आणला होता, पण गहिनीनाथचे कान अजून जुनेच होते.

"साहेब, इथं एक इसम आहे. फेटा घातलेला. न विचारता सगळं सांगतोय, नावागावासकट... होय साहेब, मलाही तेच वाटतंय. एवढं सगळं सांगतोय, म्हणजे काहीतरी लपवतोय नक्की."